भर उन्हाळ्यात समुद्राला खत कोण घालतं?

फेब्रुवारी सरत येतो, हुरड्याचा हंगाम आटोपतो, सोलापूरच्या उन्हाला धार चढते. नेमक्या याच दिवसांत गोवा-कोकणासमोरच्या अरबी समुद्रात एक वेगळंच पीक तरारतं. त्याचं नाव ट्रायकोडेस्मियम. हा नीलहरित जीवाणू फेब्रुवारी ते मे या काळात बहरतो आणि जूनच्या वाऱ्यांनी समुद्र खवळला की दिसेनासा होतो.

याचं काम तूर-हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींसारखं: हवेतला नायट्रोजन पकडायचा आणि त्याचं खत करायचं. हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, पण बहुतेक जीवांना तो थेट वापरता येत नाही. खत कारखान्यात त्याचा अमोनिया करायला 400 अंशांच्या आसपास तापमान आणि प्रचंड दाब लागतो. हा जीव ते कोमट समुद्रात, दिवसाउजेडी करतो!

पण उन्हाळाच का? पावसाळी वारे समुद्र ढवळतात, खोलवरचं नायट्रेट, म्हणजे नायट्रोजनचं तयार खत, वर येतं आणि सगळ्याच प्लवकांची (पाण्यात तरंगणाऱ्या जीवांची) चंगळ होते. मार्चपासून वारा पडतो. वरचं पाणी तापून हलकं होतं, खालच्या गार पाण्यात मिसळत नाही. वरच्या थरातलं नायट्रेट संपतं, बाकीचे उपाशी राहतात, आणि ट्रायकोडेस्मियमला मोकळं रान मिळतं. इतरांची टंचाई हीच याची सुगी. मला तरी यातलं सर्वांत विलक्षण हेच वाटतं. त्याला लोह मात्र लागतं. अरबस्तानच्या वाळवंटातून उडणारी धूळ ते समुद्रात आणून टाकते.

पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असल्याने तो तरंगतो. त्याचे पुंजके नुसत्या डोळ्यांनी दिसतात. 1770 मध्ये कॅप्टन कुकच्या जहाजावरच्या खलाशांनी त्याला समुद्रावरचा लाकडाचा भुसा म्हटलं. 1832 मध्ये ब्राझीलजवळ डार्विननेही हे तवंग पाहिले. तांबड्या समुद्राचं नाव यावरूनच पडलं असावं, असंही मानतात.

गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ 1970 च्या दशकापासून हा बहर अभ्यासताहेत. हैदराबादेतली इन्कॉईस ही संस्था उपग्रहांच्या मदतीने अशा बहरांवर नजर ठेवते.

गंमत पाहा, याच अरबी समुद्रात साधारण 150 ते 1000 मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळजवळ नसतो. तिथले जीवाणू नायट्रेटचा पुन्हा नायट्रोजन वायू करतात. वर भर, खाली गळती!

उन्हाळ्यातली ही सुगी फक्त अरबी समुद्रात नसते. हवाईजवळच्या ‘अलोहा’ केंद्रावर 1988 पासून समुद्राच्या नोंदी होतात. तिथेही नायट्रोजन पकडण्याचं काम उन्हाळ्यातच जोरात चालतं. 2024 मध्ये तर एका सागरी शैवालाच्या पेशीत नायट्रोजन पकडणारा स्वतंत्र अवयवच सापडला: नायट्रोप्लास्ट.

मार्च-एप्रिलमध्ये गोव्याला गेलात आणि पाण्यावर भुशासारखे तपकिरी पट्टे दिसले, तर ते प्रदूषण समजून लगेच पाठ फिरवू नका. थोडं थांबून निरखून पाहा.