रेमिंग्टोनोसीटस : कच्छमधील एका लुप्त देवमाशाचे नामकरण व वर्गीकरण

देवमासा हा मासा नसून सस्तन प्राणी आहे, हे शालेय पाठ्यपुस्तकांमुळे सर्वांना ठाऊक असते. तरीही मराठीतील त्याचे नाव बदलावे असे कोणास वाटलेले नाही. शास्त्रीय नामकरणातही असेच घडते. रिचर्ड हार्लन यांनी १८३४ मध्ये काही जीवाश्म सरपटणाऱ्या प्राण्याचे समजून त्यांस बॅसिलोसॉरस, म्हणजे ‘सरड्यांचा राजा’, असे नाव दिले. तो प्राणी सस्तन असल्याचे ओळखून रिचर्ड ओवेन यांनी १८३९ मध्ये झ्युग्लोडॉन हे नाव सुचविले. परंतु अग्रक्रमाच्या नियमानुसार जुनेच नाव टिकले. नाव अर्थाने चुकीचे असले तरी चालते, वर्गीकरण चुकले तर मात्र बदल करावाच लागतो. हा भेद प्रस्तुत लेखात भारतातील एका उदाहरणावरून स्पष्ट केला आहे.

हे उदाहरण कोकणातील असू शकत नाही. आपल्याकडील काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे आणि त्या काळी देवमासे अस्तित्वातच आले नव्हते. याच अरबी समुद्राच्या काठाने उत्तरेस कच्छपर्यंत गेल्यास मात्र मध्य इओसीन काळातील, म्हणजे सुमारे ४ कोटी ८० लाख ते ३ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या कालखंडातील, सागरी थर उघडे पडलेले दिसतात. तेथील हरुडी गावाच्या परिसरातून मिळालेल्या जीवाश्मांस अशोक साहनी व व्ही. पी. मिश्रा यांनी १९७५ मध्ये प्रोटोसीटस हरुडिएन्सिस असे नाव दिले. प्रोटोसीटस ही प्रजाती एबरहार्ड फ्रास यांनी १९०४ मध्ये इजिप्तमधील जीवाश्मांवरून स्थापन केली होती. नव्या प्राण्यास आधी परिचित प्रजातीत स्थान देण्याची ही पद्धत सावधपणाचीच म्हटली पाहिजे.

पुढे किशोर कुमार व अशोक साहनी यांनी कवटीचा अभ्यास केला, तेव्हा ही चौकट अपुरी ठरली. लांब व अरुंद मुस्कट, लहान डोळे आणि एकमेकांपासून दूर असलेले मोठे कान ही लक्षणे प्रोटोसीटसशी जुळणारी नव्हती. १९८६ मध्ये त्यांनी रेमिंग्टोनोसीटस ही नवी प्रजाती व रेमिंग्टोनोसीटिडी हे नवे कुल स्थापन केले. आदिम देवमाशांवर १९३६ मध्ये मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या रेमिंग्टन केलॉग यांचे नाव अशा रीतीने कच्छच्या मातीशी जोडले गेले.

या बदलात हरुडिएन्सिस हे जातिनाम मात्र कायम राहिले. प्रजाती बदलली तरी जातिनाम प्राण्याबरोबर जाते, आणि मूळ नामकर्त्यांची नावे कंसात लिहिली जातात : रेमिंग्टोनोसीटस हरुडिएन्सिस (साहनी व मिश्रा, १९७५). विद्यार्थी हा कंस अनेकदा गाळतात. जाती प्रथम दुसऱ्या प्रजातीत वर्णिली गेली होती, एवढा इतिहास त्या दोन खुणांत साठविलेला असतो.

याच कुलातील कुचिसीटस मिनिमस या लहान देवमाशाचे नामकरण सुनील बाजपेयी व जे. जी. एम. थेविसेन यांनी २००० मध्ये केले. लगेच २००१ मध्ये फिलिप जिंजरिच व सहकाऱ्यांनी ही प्रजाती आधीच्या अँड्र्यूसिफियस या प्रजातीत विलीन केली. २००९ मध्ये थेविसेन व बाजपेयी यांनी अधिक सांगाडे अभ्यासून दोन्ही प्रजाती वेगळ्या ठेवल्या. त्याच अभ्यासात अँड्र्यूसिफियसमध्ये स्लोनी ही एकच जाती मान्य झाली. ती १९७२ मध्ये प्रोटोसीटस म्हणूनच वर्णिली गेली होती, तिलाही कंस लागला.

अशा फेरबदलांस निव्वळ शब्दांचा खेळ मानणे योग्य नव्हे. कच्छचे प्राणी प्रोटोसीटसमध्येच राहिले असते, तर ते इजिप्तमधील प्राण्याचे भारतीय आप्त ठरले असते आणि देवमाशांच्या उत्क्रांतीतील ही आगळी शाखा दृष्टीआड राहिली असती. कुल वेगळे केल्यामुळे त्याच्या प्रसाराचा प्रश्न विचारता आला. दीर्घकाळ हे कुल भारत व पाकिस्तानपुरतेच मर्यादित मानले जात होते. २०१६ मध्ये इजिप्तमधून त्याच कुलातील रायानिस्टिस ही प्रजाती वर्णिली गेली.