उद्धरणांची मोजणी आणि क्रोमियमचे रसायनशास्त्र

चेन्नईच्या दक्षिणेस क्रोमपेट नावाचे उपनगर आहे. क्रोम पद्धतीने कातडी कमावणाऱ्या कारखान्यावरून त्यास हे नाव पडले. याच महानगरातील अड्यार भागात केंद्रीय चर्म संशोधन संस्था असून तिची स्थापना १९४८ साली झाली. असेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ डॉ. टी. रामसामी यांची कारकीर्द प्रामुख्याने या संस्थेशी निगडित आहे. संशोधनाचा प्रभाव कशाने मोजावा, या प्रश्नाचा विचार करताना ती अभ्यासण्याजोगी ठरते.

मद्रास विद्यापीठात चर्मतंत्रज्ञानाचे शिक्षण घेतल्यानंतर रामसामी यांनी इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठातून रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. अमेरिकेत काही काळ संशोधन करून १९८४ मध्ये ते चेन्नईच्या संस्थेत रुजू झाले. १९९३ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार प्राप्त झाला. १९९६ ते २००६ या काळात ते संस्थेचे संचालक होते व पुढे २०१४ पर्यंत केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव होते.

कातडी कमावण्याच्या प्रक्रियेत त्रिसंयुजी क्रोमियम हे कोलॅजेन या प्रथिनातील कार्बॉक्सिल गटांशी जोडले जाऊन तंतूंमध्ये सेतुबंध निर्माण करते. कच्चे कातडे साधारण ६५ अंश सेल्सियसच्या आसपास आकसते. क्रोमने कमावलेले चामडे उकळते पाणीही सहन करते. परंतु हे क्रोमियम अत्यंत मंदगती आहे. बहुतेक धातूंच्या आयनांभोवतीचे पाण्याचे रेणू क्षणार्धात बदलतात, क्रोमियमच्या बाबतीत त्यास काही दिवस लागतात. परिणामी द्रावणात क्रोमियमची अनेक संयुगे एकाच वेळी नांदतात आणि त्या सर्वांनाच कातड्याची सारखी ओढ नसते. पारंपरिक पद्धतीत सुमारे एक तृतीयांश क्रोमियम सांडपाण्यात जाते. मागे कोणती संयुगे उरतात व का, हा वरकरणी कारखान्याचा वाटणारा प्रश्न वस्तुतः शुद्ध असेंद्रिय रसायनशास्त्राचा आहे.

त्याचे गांभीर्य २८ ऑगस्ट १९९६ रोजी देशासमोर आले. वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरम विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी' आणि सावधगिरी ही दोन्ही तत्त्वे देशाच्या कायद्याचा भाग असल्याचे स्पष्ट केले. पालार नदीच्या खोऱ्यातील शेती व पिण्याचे पाणी एकीकडे आणि हजारो कामगारांचा रोजगार दुसरीकडे, अशी ही कोंडी होती. सांडपाण्यातील क्रोमियम अल्कलीने साक्याच्या रूपात वेगळे काढून, सल्फ्युरिक आम्लात विरघळवून पुन्हा वापरणे यांसारख्या पद्धतींना त्यामुळे निकडीचे महत्त्व आले.

आता उद्धरणांकडे वळू. एखाद्या शोधनिबंधाचा संदर्भ नंतरच्या निबंधांत किती वेळा दिला गेला, याची पद्धतशीर नोंद युजीन गारफील्ड यांच्या सायन्स सायटेशन इंडेक्समुळे १९६४ पासून उपलब्ध झाली. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हिर्श यांनी 'एच निर्देशांक' सुचविला. एखाद्या शास्त्रज्ञाच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० उद्धरणे असतील, पण २१ निबंधांना प्रत्येकी २१ नसतील, तर त्याचा निर्देशांक २० होय. मोजण्यास सोपा म्हणून तो लोकप्रिय झाला. निवड समित्यांना सोपेपणा फार आवडतो. मात्र त्यास विषयाचे भान नसते. औषधशास्त्रात हजारो संशोधक परस्परांचे संदर्भ देतात, चर्मरसायनशास्त्राचे वर्तुळ लहान आहे. शिवाय राणीपेटचा कारखानदार आपली प्रक्रिया बदलतो तेव्हा तो शोधनिबंध लिहीत नाही. त्याने केलेला वापर कोणत्याही सूचीत उमटत नाही.

केवळ नियतकालिकाच्या 'इम्पॅक्ट फॅक्टर'वरून संशोधकाचे मूल्यमापन करू नये, असे आवाहन सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने २०१३ मध्ये केले. पालारचा प्रश्न मात्र सुटलेला नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला वेल्लोरच्या चर्मोद्योगातील प्रदूषणाबाबत पुन्हा भरपाईचे आदेश द्यावे लागले.