जाळं विणणाऱ्यालाही योजना आहे, पण एका घरात एकच अर्ज



हल्ली ऑफिसात येणारे निम्मे पालक एकच प्रश्न विचारतात, पोरगं डिग्री होऊन घरी बसलंय, सरकारचं काही आहे का? आहे. पण एक घेतलं की दुसरं हातातून जाऊ शकतं. सायबर सेंटरवाला ते सांगत नाही, म्हणून आम्ही लिहितोय.

सरकारी पाहणीत (2023-24) देशात बेरोजगारी 3.2 टक्के आणि 15 ते 29 वयाच्या तरुणांत 10.2 टक्के आहे. आपली पोरं त्या आकड्यात फारशी सापडणार नाहीत. बापाबरोबर पहाटे जाळं ओढायला जाणारा मुलगा पगार न घेता घरच्या धंद्यात हात लावतो, म्हणून तो "कामाला" धरला जातो. तळ्यात पाणी नसलं की त्या कामाची काय किंमत असते हे 2023 च्या दुष्काळात सगळ्यांनी बघितलंय.

आधी युवानिधी. राज्य सरकार पदवीधराला महिना 3000 आणि डिप्लोमावाल्याला 1500 रुपये देतं, जास्तीत जास्त दोन वर्षं. पास होऊन 180 दिवस झाले तरी नोकरी नाही, अशांसाठी हे आहे. नुसती पीयूसी झालेल्यांना मिळत नाही, पुढे शिकत असणाऱ्यांनाही नाही. आणि सरकारी योजनेतून कर्ज काढून स्वतःचा धंदा सुरू केला तर हा भत्ता बंद. म्हणजे मुलाच्या नावावर कर्ज टाकायच्या आधी घरात बसून हिशेब करा.

आता आपल्या कामाची योजना, पीएम विश्वकर्मा. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. त्यातल्या 18 कामांत होडी बांधणारे आणि मासेमारीचं जाळं विणणारे आहेत. मासे धरणारे नाहीत, हे नीट लक्षात घ्या. हरिगोल बांधणारा बसतो, तो वल्हवणारा बसत नाही. आपल्याकडे जाळी विणायचं काम बरंच घरच्या बायकाच करतात, तेव्हा अर्ज त्यांच्याच नावाने करणं योग्य, असं आमचं मत. 5 ते 7 दिवसांचं ट्रेनिंग, दिवसाला 500 रुपये, हत्यारांसाठी 15,000 रुपयांचं व्हाउचर. त्यानंतर तारण न ठेवता 1 लाखाचं कर्ज 5 टक्के व्याजाने. ते 18 महिन्यांत फेडायचं. पुढचा हप्ता 2 लाखांपर्यंत.

अडचण अशी की नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं मिळून एकालाच लाभ. घरात कोणी सरकारी नोकरीत असेल तर तोही नाही. गेल्या पाच वर्षांत मुद्रा कर्ज घेऊन ते पूर्ण फेडलं असेल तर चालतं, थकलं असेल तर नाही. अर्ज सीएससी सेंटरवर आधार आणि अंगठा देऊन होतो. केलगेरी महापालिकेत येते, त्यामुळे पहिली तपासणी तिकडे. खेड्यातल्या सभासदांची पंचायतीत.

मासे विकणाऱ्यांसाठी मत्स्य संपदा योजना वेगळी. तिच्यात बर्फपेटीवाल्या मोटरसायकलचा खर्च 75,000 धरलेला आहे. बाई किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदाराला 60 टक्के म्हणजे 45,000, बाकीच्यांना 40 टक्के म्हणजे 30,000. पण बहुतेक वेळा पैसे आधी आपल्या खिशातून घालावे लागतात, सबसिडी मागाहून येते. सावकाराकडून काढून घालू नका. तालुक्याच्या मत्स्य खात्यात, म्हणजे आपण मीनुगारिके इलाखा म्हणतो तिथे, मंजुरी हातात आल्यावरच गाडी बुक करा.

ज्यांना तळ्याकडे यायचंच नाही, त्यांनी धारवाडच्या रुडसेटीत चौकशी करावी. ही संस्था 1982 ला उजिरेत सुरू झाली. मोटर रिवाइंडिंग, मोबाईल दुरुस्ती, शिलाई असे कोर्स, राहणं-जेवण सगळं फुकट. वर्ग कन्नडमध्ये असतात. आपल्या पोरांना त्याची अडचण येऊ नये.

येताना आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक आणि सभासद पुस्तक आणा. जाळं विणणाऱ्यांनी विणलेल्या जाळ्याचा आणि कामाचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, तपासणीवेळी उपयोगी पडतो. अर्ज भरायला संस्थेत पैसे लागत नाहीत. बाहेर कोणी "मंजूर करून देतो" म्हणून पैसे मागत असेल, तर देण्याआधी आम्हाला सांगा.