नुसते मांस टाळून भागत नाही
जबलपूर जिल्ह्यातल्या मझौली-सिहोरा पट्ट्यात हिवाळ्यात मटार मुबलक पिकतो. शाकाहाराचा खरा फायदा अशा दाण्यांत आहे, नुसते मांस टाळण्यात नाही; शेव-जिलेबीही शाकाहारीच की! 100 ग्रॅम ताज्या मटारात साधारण 5 ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तेवढाच चोथा असतो. ‘डाळी-दाण्यांतली प्रथिने अपुरी’ हा आक्षेप अर्धाच खरा, कारण गव्हात तोकडे पडणारे लायसिन हे अमिनो आम्ल मटारात भरपूर असते, त्यामुळे पोळीसोबत उसळ खाल्ली की उणीव भरून निघते. ऑक्सफर्डच्या 2019 सालच्या अभ्यासात शाकाहाऱ्यांमध्ये मांसाहाऱ्यांपेक्षा हृदयविकाराचे प्रमाण 22 टक्के कमी आढळले, मात्र पक्षाघाताचे 20 टक्के जास्त. हे निरीक्षण आहे, कार्यकारणभावाचा पुरावा नव्हे. बी-12 मात्र मटारातून मिळत नाही. त्यासाठी दूध-दही हवे, आणि तेही पुरत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी.