सुताराची हत्यारं, लेखांक ६ : जुनं बिस्किट जॉइनर घेताना

मागच्या आठवड्यात डोवेलचा सांधा पाहिला, आज बिस्किटाचा. सुरतेच्या पर्वत पाटिया, गोडादरा, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात राहून प्लायवूडचं फर्निचर करणाऱ्या अनेक मराठी कारागिरांना बिस्किट जॉइनर नवं घेणं परवडत नाही. जुनं मिळालं तर जरूर घ्यावं, पण पारखून.

१९५५ मध्ये स्वित्झर्लंडच्या लीश्टाल गावात हेर्मान श्टायनर या सुतारानं हा सांधा काढला. यंत्र दिसायला ग्राइंडरचा भाऊ. पुढे दाबलं की १०० मिलिमीटर व्यासाचं गोल पातं बाहेर येतं आणि फळीच्या कडेत ४ मिलिमीटर रुंदीची खाच पाडतं. जोडायच्या दुसऱ्या फळीतही तशीच खाच. त्या दोन खाचांत बीच लाकडाचं, दाबून पातळ केलेलं लंबगोल बिस्किट बसतं. पांढऱ्या गोंदातलं पाणी शोषून ते फुगतं आणि खाचेत घट्ट आवळलं जातं.

सुरतेत जुनं यंत्र घेताना आधी विचारा, हे पाण्यात होतं का? ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं तापी शहरात शिरली होती, आणि पर्वत पाटिया-लिंबायत बाजूला खाडीचा पूर हे पावसाळ्याचं जुनं दुखणं आहे. मोटरच्या जाळीतून आत डोकवा, स्क्रूच्या डोक्यांवर गंज किंवा कानाकोपऱ्यांत वाळलेला गाळ दिसतो का पाहा. प्लग काढून पातं जपून हातानं फिरवा. कुरकुर जाणवली तर बेअरिंग गेलेलं असतं. बेअरिंग आणि कार्बन ब्रश बदलता येतात, त्यासाठी सौदा मोडू नका, भाव कमी करून घ्या. मात्र दाब सोडल्यावर पातं आपोआप आत गेलंच पाहिजे. ते मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेतं, बाहेर अडकून राहिलं तर बोटं जातील. अडकत असेल तर सरकपट्ट्या रॉकेलनं पुसून कोरडं मेण चोळा. तेल नको, त्यावर भुसा चिकटतो आणि पुन्हा अडकायला लागतं.

आता खरी परीक्षा. फेन्स, म्हणजे फळीच्या पाठीवर टेकणारी समोरची पट्टी, पात्याला समांतर आहे का? यंत्र पडलं असेल तर बिघाड इथेच होतो, आणि चालू करून दाखवल्यावर तो मुळीच दिसत नाही. फेन्सवरचे उंचीचे आकडे चुकीचे असले तरी बिघडत नाही. दोन्ही फळ्यांना एकाच बाजूनं, एकाच मापावर खाच पाडली की चूक दोन्हीकडे सारखीच पडते आणि पृष्ठभाग जुळतो. तिरकेपणा मात्र माफ होत नाही. पातं डावीकडे अर्धा मिलिमीटर खाली असेल तर दोन्ही फळ्यांत खाचेचं डावं टोक खाली जातं. सांधताना फळ्या समोरासमोर येतात, म्हणजे एकीचं डावं टोक दुसरीच्या उजव्या टोकासमोर. चूक दुप्पट होते आणि बिस्किट फळीला पिळून टाकतं.

म्हणून विकणाऱ्यासमोरच १८ मिलिमीटर प्लायच्या दोन तुकड्यांत खाचा पाडा, गोंद न लावता बिस्किट घालून जोडा आणि सांध्यावरून नख फिरवा. एका टोकाला डावा तुकडा वर आणि दुसऱ्या टोकाला उजवा वर लागला तर फेन्स तिरकी आहे. एकच तुकडा सगळीकडे सारखा वर असेल तर फेन्स घसरली, दाबताना यंत्र हललं, किंवा फेन्सखाली भुसा होता. पुन्हा करून पाहा. बिस्किट खाचेत खुळखुळत असेल तर पातं डगमगतं आहे किंवा कुणीतरी दुसरंच पातं चढवलं आहे.

तिरकी फेन्स बहुतेक वेळा सुधारता येते. स्क्रू ढिले करा, कमी पडणाऱ्या बाजूला पातळ पत्र्याची पट्टी घाला, पुन्हा आवळा आणि पुन्हा खाच पाडून बघा. अॅल्युमिनियमच्या फेन्सवर आपटल्याचे उंचवटे असतील तर आधी ते काढायला हवेत, आणि ते शोधायची रीत खुद्द सुरतेची आहे. १७७० च्या दशकात इथे आलेल्या स्टाव्होरिनस या डच नौदल अधिकाऱ्यानं सुरतेच्या जहाजबांधणीबद्दल लिहून ठेवलं आहे. इथले कारागीर फळ्यांच्या कडा एकमेकींत खाच करून बसवत. बसवलेल्या फळीच्या कडेला शेंदूर लावत, वर दुसरी दाबत, आणि रंग जिथे उमटेल तेवढाच उंचवटा काढत. पूर्ण बसेपर्यंत हे चाले. आपण शिशाचा विषारी शेंदूर टाळून फिटरांचा प्रशियन ब्लू वापरू. जाड काचेवर त्याचा पातळ थर द्या, फेन्स वरून हलकेच घासा, निळे ठिपके बारीक कानशीनं उतरवा. घाई केली तर उंचवट्याच्या जागी खड्डा पडेल.

राहिली खोली. २० नंबरचं बिस्किट २३ मिलिमीटर रुंद असतं, खाच सुमारे १२.३ मिलिमीटर खोल हवी. बिस्किट खाचेत घालून फळीच्या कडेलगत बिस्किटावर पेन्सिलीनं रेघ मारा, उलटं करून दुसरी बाजू घाला, पुन्हा रेघ मारा. दोन रेघांमध्ये दीड मिलिमीटरच्या आसपास अंतर पडलं, आणि तेवढा पट्टा दोन्ही वेळा खाचेत गेलेला असला, की गोंदाला जागा आहे. रेघा एकमेकींपर्यंत पोचल्याच नाहीत तर खाच उथळ आहे. खोलीचा स्क्रू थोडा फिरवून नट आवळा.

ही चाचणी कोरड्या बिस्किटानंच करा. पावसाळ्यात उघडं राहिलेलं बिस्किट हवेतला ओलावा घेऊन आधीच फुगतं, मग चांगल्या यंत्राची खाचही अरुंद वाटते. घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

पुढच्या लेखांकात ४५ अंशांचा कोपरा.