जात्याला टाकी, सिलिंडरला रेघा

बोदवडचे आबा दोन-तीन महिन्यांतून एकदा फोन करतात आणि एका प्रश्नात माझा आठवडा खातात. या वेळचा फोन मृग लागायच्या आधीचा. पारा ४५ वर टेकलेला, आणि आबांचा प्रश्न बर्फाचा. त्यांची लेक कॅनडात माँट्रियलजवळ असते. हिवाळा संपल्यावर दुकानात किंमत उतरली, म्हणून तिनं दारातला बर्फ उडवायचं यंत्र, स्नोब्लोअर, घेऊन ठेवलं आणि पुस्तिकेचे फोटो बापाला पाठवले. (त्या घरात अजूनही कुठलंच यंत्र आबांना विचारल्याशिवाय सुरू होत नाही.) इकडे आबांनीही कपाशीच्या डवरणीसाठी पेट्रोलवरचा पॉवर विडर आणला होता. दोन्ही पुस्तिकांत जवळजवळ एकच मजकूर: सुरुवातीचे तास बेतानं चालवा, पाच तासांनी तेल बदला, मग पूर्ण कामाला लावा. आबा म्हणाले, "भाऊ, नव्या मशीनले एवढे लाड कायले?"

मी त्यांना उलट विचारलं, "आबा, जात्याला टाकी लावल्यावर पहिल्या पिठाचं काय करायचे?"

"फेकून द्याचे. कचकच लागते ना दाताखाली."

अर्धं उत्तर त्यांनीच दिलं होतं. जातं गुळगुळीत झालं की दळत नाही, म्हणून टाकीवाला छिन्नीनं त्यावर नव्या खाचा पाडून द्यायचा. पण ताज्या खाचांच्या कडांवर दगडाचे सुटे कण बसलेले असतात. म्हणून आधी मूठभर कोंडा किंवा टाकाऊ धान्य दळून घ्यायचं, ते टाकायचं आणि मग दादर ज्वारी घालायची. इंजिनाच्या सिलिंडरलाही कारखान्यात टाकीच लावलेली असते. आतली भिंत आधी गुळगुळीत करतात आणि नंतर मुद्दाम तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेघा ओढतात. फरक एवढाच, की जात्याच्या खाचा दाणा फोडतात आणि सिलिंडरच्या रेघा तेल धरून ठेवतात. या रेघांच्या मधले उंचवटे सुरुवातीला धारदार असतात. पिस्टनच्या रिंगा त्यांच्यावरून मिनिटाला हजारो वेळा घासत जातात, शेंडे झिजतात, माथे सपाट होतात, खालच्या रेघा तशाच राहतात. मेकॅनिक ज्याला 'इंजिन बसलं' म्हणतो ते हेच. कारखान्यानं यंत्र नव्याण्णव टक्के घडवलेलं असतं, शेवटचा हात आपल्या वावरात फिरतो.

आणि झिजलेले शेंडे जातात कुठे? तेलात. मोटारीला तेलाचा फिल्टर असतो, पण यांसारख्या बऱ्याच छोट्या इंजिनांना नसतो. आत एक पळीसारखा तुकडा फिरतो आणि तेल चहूकडे उडवतो, एवढीच व्यवस्था. धातूचा चुरा त्याच तेलात फिरत राहिला तर घासायच्या पावडरीसारखं काम करतो. म्हणून पाच तासांचं तेल म्हणजे टाकीनंतरचं पहिलं पीठ. ते इंजिन गरम असतानाच काढावं, म्हणजे चुरा तळाशी बसायच्या आत बाहेर येतो.

तेल मुळात करतं काय, याची गोष्ट मला फार आवडते, आणि तिच्या नायकाचं नाव अभ्यासक्रमात सहसा येत नाही याची थोडी चीडही आहे. बीचम टॉवर हा इंग्रज इंजिनिअर. लंडनच्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेनं त्याला आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगमधलं घर्षण मोजायचं काम दिलं होतं. १८८३ च्या सुमाराचा काळ. बेअरिंगचा पितळी अर्धगोल आसावर वरून बसवलेला, आस तेलाच्या पात्रात बुडून फिरणारा. टॉवरनं तेल घालण्यासाठी पितळेच्या माथ्यावर एक भोक पाडलं. आस फिरायला लागला आणि तेल आत जाण्याऐवजी भोकातून वर येऊन सांडायला लागलं. त्यानं बूच मारलं, ते उडालं. मग लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकत बाहेर आली. दुसरा एखादा वैतागून मोठी खुंटी शोधायला गेला असता. टॉवरनं तिथे दाबमापक लावला. काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे, मापकाच्या टोकापर्यंत गेला. बेअरिंगवरचा भार सरासरीनं १०० पौंडच होता. (आपल्या मोटारसायकलच्या टायरमध्ये साधारण तीसेक पौंड असतात.)

म्हणजे धातू धातूला टेकलेलाच नव्हता. फिरणारा आस आपल्याबरोबर तेल ओढून निमुळत्या फटीत कोंबत होता आणि कोंबलेलं तेल वरचा सगळा भार जॅकसारखा उचलून धरत होतं. पुढे १८८६ मध्ये ऑसबर्न रेनॉल्ड्सनं याचं गणित मांडलं. समीकरणाला नाव रेनॉल्ड्सचं पडलं, आणि ते समीकरण थोर आहे यात शंका नाही. रेनॉल्ड्सनं टॉवरला श्रेय दिलंही होतं. पण पुढच्या पुस्तकांनी खुंटी गाळली आणि समीकरण ठेवलं.

ही तेलाची गादी फिरण्यावर अवलंबून असते. इंजिन सुरू होताना आणि बंद पडताना ती नसते. पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबून उलटा वळतो तिथेही ती मोडते आणि धातू धातूला भिडतो. इंजिन बसलेलं नसताना या भेटी जास्त जोरकस असतात, कारण शेंडे गादीच्या जाडीपेक्षा उंच असतात.

इथे आबांची एक गफलत झाली होती, आणि ती त्यांची एकट्याची नाही. विडर देणाऱ्या दुकानातल्या पोरानं सांगितलं होतं, "दोन तास रिकामं चालू ठेवा, बसून जाईल." रिकामं चालवून इंजिन बसत नाही, आणि याचं कारण पिस्टनच्या रिंगेत आहे. वाफेच्या जुन्या इंजिनात पिस्टनभोवती ताग गुंडाळून चरबी चोपडत. १८५० च्या दशकात इंग्लंडच्या रेल्वेतल्या जॉन रॅम्सबॉटमनं कापलेली धातूची रिंग आणली. सिलिंडरपेक्षा किंचित मोठी, दाबून बसवायची, म्हणजे ती स्प्रिंगसारखी भिंतीला चिकटून राहते. पेट्रोल इंजिनात या स्प्रिंगला मोठी मदत मिळते ती जळालेल्या वायूची. वायू रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला भिंतीवर रेटतो. भार जितका, तितका रेटा. रिकाम्या इंजिनात रेटाच नाही, मग शेंडे नीट झिजत नाहीत, तेल भिंतीवर करपून काचेसारखा लेप बसतो आणि पुढे ते इंजिन जन्मभर तेल पितं. पहिल्याच तासाला पूर्ण जोरात तासन्‌तास रेमटवलं तर उष्णता साठते आणि शेंडे झिजण्याऐवजी एकमेकांना चिकटून उपटले जातात. मधला मार्ग असा: दोन मिनिटं गरम होऊ द्या, मग हलक्या जमिनीत खरं काम द्या, वेग कमी-जास्त करत राहा, अधूनमधून थांबा.

बाजारात 'इंजिन बसवायचं खास तेल' म्हणून बाटल्या मिळतात. पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचं साधं तेल वेळेवर बदललं तर त्या बाटलीवाचून काही अडत नाही. आजकाल कारखान्यातच शेंडे बरेचसे छाटून पाठवतात, त्यामुळे आपल्या वाट्याचं काम पूर्वीपेक्षा कमीच उरलंय. नव्या स्कूटरला पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या पुढे नेलं म्हणून बापाचा मार खाल्लेली पिढी हे सहज मान्य करणार नाही.

लेकीच्या यंत्रात तेल पडेल ५डब्ल्यू-३०. यातला 'डब्ल्यू' म्हणजे वजन नव्हे, विंटर. शून्याखाली वीस अंशांवरही ते वाहतं राहतं. आबांच्या पुस्तिकेत उन्हाळ्यासाठी जाड तेल सांगितलंय, तेही बरोबर आहे.

आता बर्फाच्या यंत्राच्या वंशावळीकडे. आबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते. बर्फ फिरत्या पात्यानं उडवायची कल्पना १८६९ मध्ये मांडली टोरंटोच्या एका दाताच्या डॉक्टरनं, जे. डब्ल्यू. इलियटनं, तीही आगगाडीसाठी. रस्त्यावरचं खरोखर चालणारं पहिलं यंत्र १९२५ मध्ये बनवलं क्यूबेकच्या आर्थर सिकार्डनं. हा शेतकऱ्याचा मुलगा. तरुणपणी त्यानं शेतात मळणी यंत्र चालताना पाहिलं आणि ते चक्र गव्हाऐवजी बर्फ ओढेल असं त्याला वाटलं, अशी हकीकत सांगतात. लोकांनी वेड्यात काढलं. १९२७ मध्ये माँट्रियलला लागून असलेल्या उत्रमाँ गावानं पहिलं यंत्र विकत घेतलं. म्हणजे बोदवडच्या खळ्यात दरवर्षी धूळ उडवतो त्या थ्रेशरचा हा थंड मुलखातला पुतण्या. पुढचा मळसूत्री दांडा बर्फ खरवडून मध्ये ओढतो, मागचा पंखा त्याला धुराड्यासारख्या नळीतून दूर भिरकावतो.

पुतण्यानं काकाच्या वाईट सवयीही उचलल्या आहेत. ओला बर्फ नळीत तुंबतो, माणूस हात घालतो. इंजिन बंद केलं तरी अडकलेल्या पट्ट्यात ताण साठलेला असतो, गुंता सुटताक्षणी पातं झटका देतं आणि बोटं जातात. थ्रेशरनं आपल्याकडे इतके हात नेले, की धोकादायक यंत्रांसाठी १९८३ मध्ये केंद्राला स्वतंत्र कायदा करावा लागला. बर्फाच्या यंत्राबरोबर म्हणूनच एक प्लास्टिकची काठी देतात. ती काठी लेकीनं फेकून तर दिली नाही ना, हे विचारायला मी आबांना दोनदा सांगितलं.

आणखी एक सुटा भाग पुस्तिकेतल्या चित्रात होता: शिअर पिन. दांड्यात दगड किंवा गोठलेलं वर्तमानपत्र अडकलं तर ही मऊ पिन तुटते आणि गिअर वाचतात. ती तुटली की लोक हाताला येईल तो पक्का बोल्ट घालतात. फ्यूजच्या जागी जाड तार घालण्यातला प्रकार.

चार दिवसांनी आबांचा पुन्हा फोन. विडर त्यांनी नांगरलेल्या भुसभुशीत वावरात पाच तास, तुकड्या-तुकड्यानं चालवला. तेल स्टीलच्या ताटलीत काढून उन्हात तिरपं धरलं. "चांदीचा वर्ख विरघळल्यावानी दिसे," म्हणाले. ताटली आता घरात कुणी वापरू देत नाही, ही तक्रार वेगळी.

लेकीची अडचण मात्र सुटेना. तिलाही यंत्र आत्ताच बसवून मोकळं व्हायचं होतं. पण बर्फाशिवाय त्या दांड्याला भार कशाचा द्यायचा? अंगणातल्या गवतावर फिरवलं तर ते रिकामंच. मी म्हटलं, टाकीत आत्ता पेट्रोलही भरू नका. चार-पाच महिने पडून राहिलं की त्याचा चिकटा कार्बुरेटरच्या बारीक भोकांत बसतो, शिवाय त्यातलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

"म्हणजे नोव्हेंबरलोक झाकून ठेव म्हणू?"

"हो. पहिला हलका बर्फ पडेल तेव्हा."

आबा थोडं थांबले. मग म्हणाले, सांगतो तिला, पण इकडे कपाशीची बियाणं घरात येऊन पडली आहेत आणि आभाळात अजून ढगाचा तुकडा नाही, तेव्हा वाट पाहायला बाप बरोबर आहे म्हणून सांगतो.