चाळीस दिवसांची चाल

५ एप्रिल २०११. गुढीपाडवा आदल्याच दिवशी झाला होता. अण्णा हजारे लोकपाल कायद्याच्या मागणीसाठी दिल्लीत जंतरमंतरवर उपोषणाला बसले आणि पुढचे पाच दिवस त्यांच्या गावाचे, राळेगणसिद्धीचे, नाव देशभर गाजत राहिले. ९ तारखेला लिंबूपाणी घेऊन उपोषण सुटले, गावाने जल्लोष केला. त्याच आठवड्यात, राळेगणपासून तासाभराच्या वाटेवर, नगरच्या चर्चमध्येही माणसे उपवास धरून होती. त्यांचा उपवास सुरू होतो तो राखेचा बुधवार ९ मार्चला होऊन गेला होता, ईस्टर २४ एप्रिलला यायचा होता. म्हणजे दोन आठवडे अजून बाकी होते. तिकडे कॅमेरे वळायचे काही कारण नव्हते. सरकारकडे त्यांची मागणी नव्हती. असलीच तर ती स्वतःकडे.

राळेगणच्या पारनेर तालुक्यातल्या माणसाला उपवास शिकवावा लागत नाही. एकादशी आहे, चतुर्थी आहे, सोमवार-शनिवार आहेत, आणि पाऊस हुकला की सक्तीचाही असतो. पण चाळीस दिवसांचा हा ख्रिस्ती उपवासकाळ, ज्याला चर्चमधली मंडळी सरळ ‘लेंट’ म्हणतात, आमच्या जिल्ह्यात कसा आला आणि कोणत्या सुरात रुळला, याचा मागोवा घ्यावा असे बरेच दिवस मनात होते. कारण त्यात एक गंमत आहे. दिवस एका मिशनने दिले, आणि चाल दुसऱ्याने.

नगरात आधी आले ते अमेरिकन मराठी मिशन, १८३१ मध्ये. ही न्यू इंग्लंडकडची काँग्रिगेशनल पंथाची मंडळी. त्यांना बिशप नको, छापील प्रार्थनापुस्तक नको, सणावारांचे अवडंबर तर मुळीच नको. कपाळाला राख लावणे त्यांच्या दृष्टीने रोमचे खूळ. उपवास त्यांना अमान्य होता असे मात्र नाही. त्यांच्या मायदेशी राज्याचा गव्हर्नर दर वसंतात एक दिवस उपवासाचा म्हणून जाहीर करी, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये ही प्रथा १८९४ पर्यंत चालली. पण सलग चाळीस दिवस मोजत बसणे त्यांच्या परंपरेत नव्हते. त्यांनी शाळा काढल्या, १८४२ मध्ये नगरातूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले आणि गाणी लिहिली. हेन्री बॅलन्टाइन यांनी मराठीत गीते रचली, भाषांतरेही केली. या मिशनचे खरे वेड शब्दांचे आणि गाण्याचे.

अँग्लिकन आले ते १८७० च्या दशकात. ‘सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल’ हे लांबलचक नाव कुणाच्या तोंडी बसणार? ते झाले एस.पी.जी. त्यांच्या हातात ‘बुक ऑफ कॉमन प्रेअर’ होते आणि त्या पुस्तकात वर्ष आखून दिलेले होते : आगमनकाळ, नाताळ, लेंट, पवित्र आठवडा, ईस्टर. वेदीवरचे कापड कधी पांढरे, कधी हिरवे, कधी जांभळे, हेही रूढीने ठरलेले. लेंटमध्ये जांभळे. त्या दिवसांत ‘हालेलूया’ म्हणायचे नाही. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून त्यांची राख कपाळावर ओढायची. रविवार उपवासात धरायचे नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा छोटा ईस्टरच. म्हणून बुधवारपासून मोजले तर दिवस सेहेचाळीस भरतात आणि उपवास चाळीसच राहतात.

इथे एक प्रश्न मला नेहमी अडवतो. १८७६ ते ७८ चा दुष्काळ या जिल्ह्याने सोसला. त्यानंतर दोन्ही मिशनांकडे खेड्यांतली माणसे मोठ्या संख्येने आली, त्यांत बहुतेक महार आणि मांग समाजांतली. ज्यांनी उपासमारीत घरातली माणसे गमावली होती, त्यांना उपवासाचे व्रत कोणत्या तोंडाने सांगितले असेल? उपवास हा ज्याच्या टोपल्यात भाकरी आहे त्याचा. ज्याच्या टोपल्यात नाही, त्याच्या पोटाला दुसरे नाव आहे.

थोडे हवामानाकडेही पाहू. ‘लेंट’ हा शब्दच मुळी वसंतात लांबत जाणाऱ्या दिवसांवरून आला. युरोपात हा काळ हिवाळ्याच्या शेवटी येतो, कोठारे तळाला गेलेली असतात, आणि व्रत व टंचाई हातात हात घालून चालतात. आमच्याकडे उलटे. माघ-फाल्गुनात शाळूची काढणी असते, नवी ज्वारी घरात येते, कांदा निघतो. मात्र विहिरीचा तळ दिसू लागतो. म्हणजे नगरच्या लेंटमध्ये पोटाला कमी पडत नाही, घशाला पडते. पाणलोटाची कामे होण्याआधीचे राळेगण ज्यांनी पाहिले, त्यांना हे वेगळे सांगायला नको. इंग्लंडात शिजलेले कॅलेंडर इथल्या उन्हात आणले की त्याचा अर्थ असा आपोआप सरकतो. तो कोणत्याही बिशपने सरकवलेला नाही.

आता चाल.

इंग्रजी भजनाची चाल आघातावर चालते, मराठी मात्रांवर. इंग्रजी सुरावटीत मराठी शब्द कोंबले की ऱ्हस्वाचे दीर्घ होते, दीर्घाची मान मुरगळते, आणि ‘देवा’तला ‘दे’ लांबवावा की ‘वा’ हे गाणाऱ्याला कळेनासे होते. पायपेटीवर ही गीते निष्ठेने गायली गेली, आजही गायली जातात, त्यांतल्या काहींचा मला लळा आहे. पण गुडघ्यावर थाप पडावी अशी ती गाणी नव्हेत. थाप पडली ती कीर्तनाने. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरकडे ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पूर्वरंग, उत्तररंग, साथीला टाळ-मृदंग, आख्यान मात्र शुभवर्तमानातले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनाही ते एका बैठकीत पाठ झाले.

मग नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढची बरीच वर्षे नगरात काढली. त्यांचे घर कवींचे घर. बालकवी ठोमरे तिथेच राहिले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे ते घर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहे. टिळकांचे नाते अमेरिकन मिशनशी, म्हणजे लेंट न पाळणाऱ्यांशी. पण त्यांनी जी भजने आणि अभंग शेकड्यांनी लिहिले, त्यांना पंथाची कुंपणे अडवू शकली नाहीत. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते स्वतःच सांगत. तुकोबांचे करुणापर अभंग घ्या, रामदासांची करुणाष्टके घ्या : आपल्या चुकांची कबुली, देवाने पाठ फिरवली म्हणून तळमळ, शरण आल्याची आर्जवे. लेंटला हवे असते ते हेच सगळे. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातली पश्चात्तापाची स्तोत्रे गद्यात वाचताना ज्या जागी मन पोचत नव्हते, तिथे टिळकांचा अभंग दोन ओळींत नेऊन बसवी. लेंटचा मूड मराठीत आधीपासूनच होता. त्याला फक्त लेंट हे नाव नव्हते.

या सगळ्यात सर्वांत जास्त वेळ थांबावे असा माणूस म्हणजे जॅक विन्स्लो. १९१४ मध्ये तो एस.पी.जी.चा मिशनरी म्हणून भारतात आला आणि नगरकडे काम करू लागला. ऑक्सफर्डचा, सुशिक्षित, आणि इंग्रज साहेबपणाची मनापासून लाज वाटणारा. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडात बेतलेली उपासना नगरच्या खेडुताने का म्हणायची, हा त्याचा प्रश्न. प्रश्न अगदी रास्त होता. १९२० मध्ये त्याने काही सहकाऱ्यांसह भारतीय चर्चसाठी वेगळ्या प्रभुभोजन-विधीची मागणी करणारे पुस्तक काढले. मुंबईचे बिशप पामर यांचा त्याला पाठिंबा होता. नव्या विधीसाठी त्यांनी आधार घेतला तो केरळातल्या सिरियन ख्रिस्ती लोकांच्या संत याकोबाच्या उपासनेचा, कारण ती पूर्वेकडची आणि लोकांना जास्त बोलायला लावणारी. काही वर्षांत मुंबई धर्मप्रांतात ती प्रयोगादाखल वापरायला परवानगीही मिळाली.

विद्वत्तेत कुठे खोट नव्हती. पण भारतीयपणाच्या शोधात विन्स्लो मलबारमार्गे सिरियाला पोचले, आणि नगरची मंडळी तोवर देहूला पोचलेली होती. तो विधी अभ्यासकांनी वाखाणला. मराठी पॅरिशमध्ये तो घरचा झाला नाही.

विन्स्लोंनी मात्र कागदावर थांबण्यात समाधान मानले नाही, हे त्यांचे मोठेपण. ११ जून १९२२ ला नगरात त्यांनी काही भारतीय तरुणांसह ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. खादी घालायची, जमिनीवर बसून जेवायचे, जमिनीवर बसूनच प्रार्थना करायची, इंग्रज आणि मराठी एकाच पंगतीला. आज हे वाचून काही वाटत नाही. त्या काळी गोरा पाद्री ताट घेऊन मांडी घालून बसतो, हीच बातमी होती. पुढच्या वर्षी, १९२३ मध्ये, त्यांनी टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. १९२७ मध्ये संघ पुण्यात शिवाजीनगरला गेला, पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून गाजलेले व्हेरिअर एल्विन त्याच सुमारास तिथे दाखल झाले. १९३४ मध्ये संघात फूट पडली आणि विन्स्लो इंग्लंडला परतले. पुण्यातला आश्रम टिकला. नगरकडे १९२९ मध्ये नाशिकचा वेगळा धर्मप्रांत झाला, फिलिप लॉइड त्याचे पहिले बिशप.

पंगतीवरून आठवले. संगतीचे मोल चर्चच्या बाहेरच्यांनीही चुकते केले आहे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे अँग्लिकनांच्याच घरी, न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासह शहरातली प्रतिष्ठित माणसे गेली, समोर चहा आला, आणि त्या एका चहाने पुण्याचे धर्मपीठ हादरले. पुढे प्रायश्चित्ते झाली. प्रायश्चित्त हा लेंटचाच विषय, पण ते चहाबद्दल घ्यावे लागेल अशी कल्पना कुठल्या पाद्र्याने केली नसेल. आज उपासनेनंतरचा चहा कुणालाच बाटवत नाही. साखर जास्त असते एवढीच तक्रार.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा पंथ मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, आणि नगरचे दोन्ही प्रवाह कागदोपत्री एक झाले. ज्यांच्या आजोबांना राखेचा बुधवार खूळ वाटे त्यांच्या नातवंडांसमोर जांभळे कापड आले, आणि ज्यांच्या पूर्वजांनी गद्य स्तोत्रे म्हटली त्यांच्या हाती ‘उपासना संगीत’ हे मराठी गीतांचे पुस्तक तर आधीच होते. कुठे खळखळ झाली, कुठे नाही. कापडाच्या रंगावरून वाद घालणारी माणसे पेटी वाजू लागली की एकाच पट्टीत गातात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

त्यासाठी उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, जायला हवे. दुपारी बारा ते तीन. वधस्तंभावरचे सात उद्गार, बहुधा सात वक्ते, आणि प्रत्येक उद्गारानंतर गीत. ही तीन तासांची उपासना मूळची अँग्लिकनही नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस पेरू देशातल्या लिमा शहरात एका जेझुइटाने ती सुरू केली, अँग्लिकनांनी एकोणिसाव्या शतकात ती उचलली. इंग्लंडातल्या पॅरिशमध्ये त्या दिवशी जॉन स्टेनरची १८८७ ची ‘द क्रुसिफिक्शन’ ही रचना गाण्याचा प्रघात पडला. आमच्याकडे पेटी, तबला आणि टाळ. एप्रिलचे ऊन, पंखे गरगरतात, वीज गेली तर तेही नाही. चौथ्या उद्गारापर्यंत वक्ता वेळ पाळत नाही हे पक्के होते. मुले पेंगतात. पाचवा उद्गार तहानेचा. तो नगर जिल्ह्यात ऐकताना प्रवचनाची गरज पडत नाही, आणि तेच प्रवचन नेमके सर्वांत लांबते. मग मागच्या बाकावरची एखादी आजी पुस्तक न उघडता पहिली ओळ धरते, पेटीवाला तिच्या पट्टीत येतो, आणि चर्च भरून निघते.

२०२५ मध्ये महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला झाली, २ मार्चला रमजानचे रोजे सुरू झाले, ५ तारखेला राखेचा बुधवार आला. जिल्ह्यातले अर्धे लोक कुठल्या ना कुठल्या उपवासात. आणि १६ मार्चला तुकाराम बीज आली, ती लेंटच्या दुसऱ्या रविवारी. देहूला वैकुंठगमनाचा सोहळा चालू असताना टिळकांचे अभंग चर्चमध्ये वाजत होते. योगायोगच, पण टिळकांना तो आवडला असता.

एक काळजी उरते. ‘उपासना संगीता’त शब्द आहेत, भजनांवर राग-तालाची नावे आहेत, पण अनेक जुन्या चाली कुठेच उतरवलेल्या नाहीत. त्या आहेत त्या आजीच्या गळ्यात आणि ऐंशी ओलांडलेल्या पेटीवाल्याच्या बोटांत. विन्स्लोंचा विधी ग्रंथालयात सुरक्षित आहे, त्याची चिंता नको. तुमच्या मंडळीत असे कुणी असेल तर येत्या लेंटमध्ये घरोघरच्या प्रार्थनेला जाताना मोबाईल चालू करून त्यांच्यापुढे ठेवा, आणि गीताचा क्रमांक आधी मोठ्याने सांगा, म्हणजे नंतर शोधता येईल.